मावशी आणि नवरदेव

सकाळी अकोल्याला उतरले तेव्हा माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा फलाटावर उभी होती. घरी पोचेपर्यंत तिने सांगून टाकलं की घरात अबोला आहे. लेक सायलीला अमरावतीला जाऊन नाट्यशास्त्र शिकायचंय आणि तिचे वडील, गौतमदादा, ऐकायला तयार नाहीत. ते शाळेत गणित शिकवतात.

"सोंगं करून कोणाचं भलं झालं, ताई?" चहा देताना ते मला म्हणाले. सायली उठून आत गेली.

दुपारी आम्ही चौघं अमरावतीला निघालो. तिथल्या सिनेमाप्रेमींनी एक जुना विनोदी चित्रपट लावला होता. त्यासाठीच तर मी पुण्याहून आले होते. मूर्तिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, तुरीला पिवळा बहर. अमरावतीत आधी गिला वडा (दही-चटणीत भिजलेला वडा) खाल्ला. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा सायली दिवसभरात पहिल्यांदा हसली.

चित्रपटातला बेकार नट स्वतःचंच लग्न जुळवायला मावशी बनून मुलीच्या घरी जातो. खरी गंमत लुगड्यात नव्हतीच. मांडी घालताना मावशीचे गुडघे खरोखर दुखायचे. नट बायकांची टिंगल करत नव्हता, त्या मावशीवर त्याचा जीव जडला होता, म्हणून आपणही तिला खरी मानतो. शेवटी मुलीचे वडील हट्टाला पेटतात: मावशी आणि नवरदेव, दोघांनी एकदम समोर यावं.

नेमकी तिथे वीज गेली.

दारं उघडली, उजेड आत आला. बराच वेळ वाट पाहून लोक उठू लागले. तेवढ्यात गौतमदादा उभे राहिले.

"बसा. पुढचं मले येते."

सायलीची ओढणी घेऊन ते पडद्यापुढे गेले. ओढणी डोक्यावर घेतली की कण्हणारी मावशी, खांद्यावर टाकली की ताठ बसलेला नवरदेव. सभागृह हसून लोळत होतं. मग त्यांनी ओढणीची सावकाश घडी केली, कल्पनेतल्या सासऱ्यांपुढे हात जोडले.

"मावशी आता येत नाही. जो काही हाये, तो मीच हाये."

मग टाळ्या सुरू झाल्या.

परतीच्या वाटेवर सायलीने विचारलं, "बाबा, तुमी कधी सांगतलं कावून नाही?"

"गावात तंबूत हाच सिनेमा आला होता. रोज पाहून अंगणात करून दाखवत होतो. माह्या बाबानं बंद कर म्हटलं." ते समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. "मंग मी बी तेच सांगाले लागलो."

सायलीने ओढणी त्यांच्या खांद्यावर टाकली; सकाळचा अबोला संपला होता.

दुसऱ्या दिवशी ते मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी अकोल्याले नका उतरू, ताई. अमरावतीलेच या. पोरगी तिथंच राहीन."

पुण्यापर्यंतच्या प्रवासात कुणी चित्रपटाची गोष्ट विचारली असती, तर मी शेवट गौतमदादांचाच सांगितला असता. पडद्यावरचा शेवट मी अजून पाहिलेला नाही. पाहायची घाईही नाही.