चादरीमागची वायर

मोताळ्याच्या आमच्या साडूंचा विश्वास बसेल अशी वस्तू अजून या जगात तयार व्हायची आहे. दुधाचा थेंब ते नखावर घेऊन बघतात, आणि डॉक्टरांनी नाडी धरली की डॉक्टरांच्याच घड्याळाकडे रोखून बघत बसतात. सगळा जन्म कापसाच्या खरेदीत गेला, तिथला संशय अंगात मुरलेला. त्यातून ते स्वतःलाही सोडत नाहीत. "गाडीवाल्याचं तोंड पाहून म्या कापूस चांगला म्हटला हाय. माह्यावर काऊन भरोसा ठेवता?"

पण हा संशय खरा पेटला तो स्पीकरच्या वायरीवरून. त्यांच्याकडे एक जुनी कॅसेट आहे. माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, गेली; तिने शेजारणींना घेऊन म्हटलेली भुलाबाईची गाणी त्यात आहेत. हल्ली त्यातला आवाज तिचा वाटतच नाही, अशी साडूंची तक्रार. बुलढाण्याच्या दुकानदाराने अंगठ्याएवढी जाड, सोनेरी टोकांची वायर पुढे केली आणि म्हणाला, "काका, आवाज मोकळा होते." साडूंनी ती परतीच्या बोलीवर आणली. मग टेपपुढे चादर टांगली, आणि येईल त्याला डोळे मिटून खुर्चीत बसवू लागले. स्वतः चादरीआड खुडबुड करायचे आणि विचारायचे, "आता?"

शेजारच्या गुरुजींना जाड वायरीतून बांगड्यासुद्धा वेगळ्या ऐकू आल्या. तेव्हा ती वायर खुंटीला लटकत होती. मीही चहाला जागून म्हणालो, "आता फारच मोकळा!"

"काऊन हो साडूभाऊ? म्या तं वायर बदलवलीच नाही!"

एवढ्या लबाडांना पकडूनही चेहऱ्यावर आनंद नव्हता. हळूच म्हणाले, "वायर खोटी असली तं परत करता येते. पण मलेच तिचा आवाज आठवेनासा झाला असंल तं?"

मग तेच खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि मला चादरीआड पाठवलं. मी उगाच खुडबुड केली, वायर होती तीच ठेवली आणि टेप सुरू केला. गाणं संपत आलं तरी साडूंचे डोळे मिटलेलेच. शेवटच्या कडव्याला मेहुणी नेहमीसारखी चुकली आणि हसली.

"हाव," साडू म्हणाले. "हे तीच."

कोणती वायर होती, हे त्यांनी विचारलं नाही. अजूनही विचारत नाहीत.