इमामबींचा पाळणा

कुंभार पिंपळगावात इमामबींचं वैर एकाशीच होतं, झुरळांशी. झुरळ दिसलं की हातातलं काम टाकून त्या चप्पल घेऊन धावायच्या.

त्यांचे नवरे इस्माईल सुतार. त्यांनी केलेला पाळणा गल्लीत ज्या घरी बाळ होई त्या घरी जायचा. शेजारच्या दैवशालाची दोन्ही लेकरं त्यातच निजली. इस्माईल आता नव्हते. नात महजबीन पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि तिचं बाळ नानाच्या पाळण्यात निजावं, एवढीच इमामबींची आस होती.

उन्हाळ्यात माळ्यावर झुरळं दिसली, तेव्हा त्यांनी पाळणा खाली उतरवला आणि न्हाणीलगतच्या मातीच्या भिंतीशी ठेवून गोधडीनं झाकला. भोवती बोरिक पावडरीच्या गोळ्या मांडल्या. रोज गोळ्या बघितल्या, गोधडी मात्र उचलली नाही.

ती परवा दैवशालानं काढली. पाळण्याच्या पायांवर मातीच्या रेघा चढल्या होत्या. तिनं दाबून पाहिलं तर बोट आत गेलं.

"वाळवी लागली वो चाची!"

इमामबींनीही बोट घालून पाहिलं. "झुरळ तोंड तरी दाखवतंय. उजेड पडला की पळतंय. हिनं वरचा रंग तसाच ठेवला अन् आतून खाल्लं."

"नानी, वाळवी झुरळांच्याच खानदानातली," कॉलेजात शिकलेली महजबीन म्हणाली. "झुरळ एकटं जगू शकतं. हिला सगळं खटलं संगं लागतं."

"मंग बराबर! चाचीनं भाऊबंद मारले, हिनं बदला घेतला," दैवशाला म्हणाली. डोळे पुसता पुसता इमामबींना हसू आलं.

पाय आंब्याच्या लाकडाचे होते, ते गेलेच. पाळणा मात्र जुन्या सागाचा. पुंजारामनं, दैवशालाच्या नवऱ्यानं, तो झटकून उन्हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला जाड दोरानं टांगला.

"हलवून बघा, चाची."

"रिकामा पाळणा हलवत न्हाईत."

दैवशाला घरी गेली आणि बारशाला घेतात तसा वरवंटा कुंची घालून घेऊन आली. इमामबींनी तो दोन्ही हातांनी आत ठेवला. दोर करकरला, पण धरून राहिला. त्या झोका देत बसल्या.

"नानी, जेवायला चला ना!" महजबीननं हाक मारली.

"हळू बोल गं," इमामबी म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय."