वहिनीचा सत्कार

संध्याकाळच्या आरतीनंतर देवाजवळ काही मागायचं नाही, असा वडिलांचा नियम होता. मागायचं असेल ते सकाळी. संध्याकाळी फक्त सांगायचं, आज काय मिळालं ते. प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची आणि मगच खडीसाखरेसाठी हात पुढे करायचा. वडील गेल्यावर अकोल्याला दादाच्या घरी हे हळूहळू सुटलं. अमरावतीला माझ्या घरी ते टिकलं आणि टिकलं याचा मला थोडा अभिमानही होता.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि बारावीतली मुलगी. या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आईची तब्येत बरी आहे, देवाची कृपा."

मुलीनं पुढे केलेला हात मागे घेतला. "बाबा, आजीला आंघोळ देव घालतो का?"

"हे काय बोलणं झालं?" बायको म्हणाली.

"विचारतेय फक्त. काकूचं नाव इथं मी कधीच ऐकलं नाही."

माझी आई अकोल्याला जठारपेठेत दादा-वहिनीकडे असते. अडीच वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती आधाराशिवाय उठत नाही. दादाचं वह्या-पुस्तकांचं दुकान सकाळी नऊला उघडतं ते रात्री नऊपर्यंत. म्हणजे आईचं उठणं, बसणं, खाणं, औषध, कपडे, सगळं वहिनीकडे.

मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणांच्या पातळीचे आकडे रोज सकाळी गोळा करतो. एखाद्या धरणाचा आकडा आला नाही तर मला चहा जात नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मी हिशेब केला. तिघांच्या रोज तीन गोष्टी, अडीच वर्षं, गावाला गेल्याचे दिवस वजा. अडीच हजार धरा. त्यात आईच्या तब्येतीचा उल्लेख आठवड्यातून दोनदा तरी, म्हणजे अडीचशेच्या वर. वहिनीचं नाव शून्य वेळा. बायकोनं एकदा वहिनीच्या हातच्या लोणच्याबद्दल सांगितल्यासारखं वाटतं, पण मला खात्री नव्हती म्हणून ते मी धरलं नाही.

आता हे वहिनीला सांगायचं कसं? आपल्या माणसाचे आभार मानायची आमच्याकडे रीतच नाही. मी आईचे, दादाचे, बायकोचे आभार कधी मानल्याचं मला आठवत नाही. मानले असते तर त्यांना वाटलं असतं, याचं काहीतरी बिनसलं. आभार मानायची एकच पद्धत मला येत होती, ऑफिसातली. म्हणून मी एक शाल घेतली, एक नारळ घेतला आणि रविवारी अकोल्याची एसटी धरली. वाटेत दोनदा वाटलं, नारळ बडनेऱ्यालाच कुणाला तरी देऊन टाकावा.

रविवारी दादाचं दुकान संध्याकाळी बंद असतं. आरती झाली. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "दोन शब्द बोलायचे आहेत."

"माइक लावू काय?" दादा म्हणाला.

वहिनी कणकेचे हात घेऊन आली होती. मी घाईघाईनं तिच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ पुढे केला. ते दोन शब्द मी बसमध्ये पाठ केले होते, त्यातला एकच आठवला. "वहिनी, आभार."

वहिनीनं नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊजी, मी रिटायर होऊन राहिली काय?"

दादा खो खो हसला. आई म्हणाली, "कोण रिटायर झालं?"

"मीच, आई!" वहिनी मोठ्यानं म्हणाली. "मंग उद्यापासून मले सुट्टी ना, भाऊजी? रिटायर माणसाले कोणी दुसऱ्या दिवशी कामाले बोलावत नाई."

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. वहिनी हसत नव्हती. तिनं शाल काढून नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि कणीक मळायला गेली.

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. तिथं उभं राहायचीही मला सवय नाही. कुठं उभं राहिलं म्हणजे आड येणार नाही, हेही कळत नव्हतं.

"राग आला का?"

"राग कायचा? शाल चांगली हाये." ती परातीकडे पाहत बोलत होती. "अंजनगावले माही माय हाये, भाऊजी. ब्यांशी वर्षांची. कधी वळखते, कधी वळखत नाई. वळखते तवा म्हणते, बाई, आज राह. अन् मी साडेचारची गाडी पायतो, काहून की इथं आईले चहा देणारं कोणी नाई." तिनं कणकेला एक गुद्दा दिला. "तिले आंघोळ माही भावजय घालते. मी तरी कुठं तिले शाल नेली? म्हणून तुमाले काय म्हणू."

"किती दिवस पाहिजेत?"

"आठ."

इतक्या पटकन म्हणाली की हा आकडा तिच्याकडे कधीपासूनचा तयार असावा.

परतीच्या गाडीत मला खिडकीशी जागा मिळाली, तरी बसवेना. आईला आमच्याकडे आणावं, तर घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. मुलीची परीक्षा सात आठवड्यांवर. बाई ठेवावी, तर आईनं पहिल्याच वर्षी दोन बाया पळवून लावल्या होत्या. सगळी कारणं खरी होती. खोटी असती तर मी ती सोडून दिली असती.

घरी बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई इकडे येऊ शकत नाहीत. पण तुम्ही तिकडे जाऊ शकता ना?"

"मी?"

"तुमच्या रजा किती शिल्लक आहेत, ते मला विचारू नका. तुम्हाला पाठ असतील."

पाठ होत्या. त्रेचाळीस.

पुढच्या सोमवारी वहिनी अकोटमार्गे अंजनगावला गेली. जाताना तिनं औषधं, वेळा, सगळं दोनदा सांगितलं. मला लिहून घ्यायचं होतं, पण गाडी चुकेल म्हणून ती थांबली नाही.

आई पहिल्या दिवशी म्हणाली, "पोरानं आंघोळ घालाव काय मायले?" आणि आंघोळच केली नाही. दुसऱ्या दिवशी अंगाभोवती जुनं पातळ गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून बसली आणि म्हणाली, "टाक पाणी. आंदी पायावर टाक. डोक्यावर नको टाकू. ती अशी नाई टाकत." दिवसातून अकरा वेळा मी तिला उठवत-बसवत होतो. वर्तमानपत्राचं अर्धं पान सलग वाचून झालं नाही. हाक आली नाही तरी येईल म्हणून कान तिकडेच. चौथ्या दिवशी दुपारी ती शांत झोपली होती, तर मी दोनदा जाऊन तिचा श्वास पाहून आलो. अडीच वर्षं वहिनी हे कसं करत असेल, असा विचार करायलाही त्या घरात निवांत जागा नव्हती.

सहाव्या दिवशी सायंकाळी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, आठाचे बारा झाले त चालन काय? माय दोन दिवसांपासून वळखून राहिली मले."

माझी कंबर धरली होती. मी उत्तर द्यायला वेळ लावला. किती ते सांगता येणार नाही, पण फोनवर तिला कळावं इतका.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मी असंच विचारलं."

"नाही नाही. राहा तुम्ही."

"पक्कं?"

"पक्कं, वहिनी."

"आईची ती लाल गोळी जेवल्यावर देऊन राहिले ना? आंदी दिली त पोटात आग पडते त्यायच्या."

सहा दिवस मी ती जेवणाआधी देत होतो. आई दोनदा पोट जळजळतं म्हणाली होती आणि मी तिला थंड दूध दिलं होतं. एरवी मी असं काही लपवत नाही. ऑफिसात एक सेंटिमीटरची चूक झाली तरी स्वतः जाऊन सांगतो. पण हे सांगितलं असतं तर वहिनी सकाळच्या पहिल्या गाडीनं परत आली असती.

"हो, देतोय," मी म्हणालो.

फोन ठेवून आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही बिघडलेलं नाही, आजपासून नीट द्या. मग आत गेलो. आईनं विचारलं, "काय म्हणे? कधी येते?"

"अजून सहा दिवस."

"मंग भाजी तरी नीट कर," आई म्हणाली आणि उठवण्यासाठी दोन्ही हात वर केले.