दोन बोटं

आमच्या नवापूरकडच्या डोंगरात दुखलं की बाई ओरडते. सगळ्या पाड्याला ऐकू जातं आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. म्हणूनच तापीकाठच्या त्या घरात मी फसले. गप्प बाई म्हणजे बरी बाई, असं धरून चालले. इतकी वर्षं नर्स असून!

बाई पन्नाशीची. छातीचा कॅन्सर मणक्यात उतरलेला, बरं होण्याची आशा संपलेली. आता एकच गोष्ट आमच्या हातात होती: उरलेले दिवस तिला दुखू द्यायचं नाही. दर आठवड्याला मी स्कूटीवर जायची, जखम धुवायची, मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर जातात ना, ते तिच्या लेकीला विचारायची. शेवटी बाईला विचारायची, दहापैकी किती दुखतं, बोटं दाखवा. ती पदर सावरून दोन बोटं वर करायची. मी डॉक्टरांना फोनवर कळवायची, आराम आहे. डोस तोच राहायचा.

तिची खाट पुढच्या खोलीत होती आणि खोलीच्या दारात तिचा ऐंशीचा सासरा काठी घेऊन खुर्चीत बसलेला असायचा. घर जुन्या वळणाचं. तीस वर्षांत सुनेने त्याच्यासमोर तोंड उघडलेलं नव्हतं. बाहेरून येताना म्हातारा फाटकाशी मोठ्याने खाकरायचा आणि आतल्या बायका पदर पुढे ओढायच्या. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते, पण माझ्या टाळक्यात काही उजेड पडला नाही.

एक दिवस म्हातारा प्रकाशा गावी कुणाच्या तरी दहाव्याला गेला होता. मी स्कूटी लावते तोच आतून कण्हणं ऐकू आलं. आत बाईने उशीचं टोक दातांत धरलं होतं आणि लेक तिची पाठ चोळत रडत होती. मी विचारलं, किती? बाईने दोन्ही पंजे उघडले.

तेवढ्यात फाटकाशी खाकरण्याचा आवाज आला. पंजे मिटले. पदर कपाळावर आला. मी पुन्हा विचारलं, तर दोन बोटं.

मला माझाच संताप आला आणि तो मी म्हाताऱ्यावर काढला. बाहेर जाऊन त्याला फाडफाड बोलले, की तुमच्या धाकापायी ती मरणयातना सोसतेय, आणि मी बावळट खोटा आकडा लिहून नेतेय. उठा आणि गोठ्यात जाऊन बसा.

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली. मग हळूहळू सांगायला लागला. ही खोली घरातली सगळ्यात थंड, म्हणून त्यानेच आपली खाट काढून तिथे तिची घातली होती. दारात बसायचा ते कोंबड्या आणि भेटीला येणारी रिकामटेकडी माणसं आत शिरू नयेत म्हणून. आता गोठ्यात गेला, तर आपल्यापायी सासरा घराबाहेर पडला, हेच ती मनाला लावून घेईल.

मग तो म्हणाला, “तिले सांग, मी बहिरा व्हई गऊ.”

आणि झाला की बहिरा! त्याच्या मुलाने हाक मारली तरी ढिम्म. शेजारी कानाशी येऊन ओरडले, तर भलतंच काहीतरी उत्तर. गावाने मान्य करून टाकलं, म्हाताऱ्याचे कान गेले. सून पहिले दोन दिवस त्याच्याकडे संशयाने बघायची म्हणे. तिसऱ्या दिवशी ती मोकळी कण्हली. दहाचा आकडा मी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून डोस वाढवून घेतला होता; आता लेकीने मला फोन केला, डॉक्टरांनी तो आणखी वाढवला. पुढच्या खेपेला बाईने तीन बोटं दाखवली आणि ती खरी तीन होती. तिला झोप लागायला लागली. भगरीचे दोन घास जायला लागले. मी स्कूटीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

तिच्या शेवटच्या आठवड्यात मी गेले तेव्हा लेक मागे धुणं धूत होती. म्हातारा दारात, आत पाठ करून बसलेला. मी चपला काढत होते, तोच आतून बाईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

“बाबा, भलतं दुखी ऱ्हायनं.”

तीस वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. गावभर बहिरा ठरलेला म्हातारा काठी टाकून उठला आणि माझ्या आधी गोळ्यांच्या डबीपाशी पोचला.