मानमोडीची ओळख

कुणी कडुलिंबाचा धूर केला की मला भातकुलीजवळचा आमचा झेंडूचा मळा आठवतो. १९१८ साली मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचा, ताप दोनदा आला. उन्हाळ्यात तो मोठ्या जाऊबाईंना येऊन सहज उतरला होता; दसऱ्याच्या सुमारास परतला तेव्हा मात्र सासऱ्यांसकट चौघांनी अंथरूण धरलं. आमच्याकडे देवी आल्या की अंगावर वण असलेल्या माणसानेच रोग्याजवळ बसायचं, कारण त्याला त्या पुन्हा येत नाहीत. जाऊबाईंनी तोच नेम इथे लावला. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत निघाले, तर त्यांनी दारातच अडवलं. "तू काहून येऊन राहिली? तुले अजून नाई झाली. मले तर मानमोडी वळखते." मी मळ्यात जाऊन नुसती बसले; रोग्यांच्या खोलीतला कडुलिंबाचा धूर तिथवर येत होता. तोडायला माणूस नव्हतं, झेंडू झाडावरच काळा पडत होता. चौघंही उठले. जाऊबाई मात्र त्याच तापाने कोजागिरीच्या आत गेल्या. आता नात डॉक्टर आहे. ती सांगते, असा ताप एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना थोडाथोडा बदलतो, पुढच्या खेपेला निराळाच होऊन येतो. आम्ही मात्र त्याला नाव तेच ठेवलं होतं, आणि जाऊबाई त्या नावावर विसंबल्या.