हलका हात

लेकीच्या सासरी पाहुणी म्हणून गेले होते. दुपारी बाल्कनीत बसून ती सासूबाईंच्या हातांचं वॅक्सिंग करत होती आणि मी समोर बसून बघत होते. आधी तिने पावडर लावली. गरम वॅक्सचा थेंब स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिला, मग केसांच्या दिशेने पातळ थर पसरला. पट्टी दाबली, कातडी ताणून धरली आणि उलट्या दिशेने झटक्यात ओढली. लगेच त्या जागेवर तळवा दाबून ठेवला.

"कळतसुद्धा नाही हो," विहीणबाई मला म्हणाल्या. "फार हलका हात आहे हिचा."

मी हसले. खरं सांगायचं तर पोटात दुखलं.

हा हात हलका नव्हता. कॉलेजात असताना ती हे सगळं माझ्या हातांवर शिकली. वॅक्स कढत असायचं, पट्टी अर्ध्यात अडकायची, मग दोन दिवस पुरळ. मी कळवळले की माझ्यावरच चिडायची. पोळ्यांचंही तेच. वेड्यावाकड्या, करपलेल्या सगळ्या आम्ही खाल्ल्या आणि हात बसल्यावरच्या मऊसूत पोळ्या दुसऱ्यांच्या ताटात. आयांच्या वाट्याला बहुधा लेकींचं शिकणंच येतं.

कोरफडीचा गर लावून तिने सासूबाईंच्या हातावर हळूच फुंकर घातली. ते मला बघवेना.

"आई, ये, तुझंही करते."

"नको गं," म्हणत मी बाही खाली ओढली. कोपराखाली तिच्या कढत वॅक्सने भाजल्याचा डाग अजून आहे. तेवढा तरी माझ्या एकटीचा.