भाऊजींची मोटारबोट आणि माझं विज्ञान

मी मध्य प्रदेशात, बालाघाटच्या हिंदी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे आमच्या नातलगांत अक्कल असलेला मी एकटाच, असं माझं प्रामाणिक मत होतं. भाऊजींनी (म्हणजे ताईच्या नवऱ्याने) जुनी मोटारबोट घेतली तेव्हा तर ते पक्कंच झालं. वैनगंगेत साध्या नावा हव्या तेवढ्या होत्या. पण लेकीच्या साक्षगंधाला (म्हणजे साखरपुड्याला) पलीकडच्या गावी मोटारबोटीतून उतरायचं आणि व्याह्यांचे डोळे दिपवायचे, हा भाऊजींचा हट्ट!

इंजिन सुरू करायला ट्रकच्या दोन बॅटऱ्या लागत. त्या ठेवायच्या कुठं?

"बोटीच्या मधात ठेवा, बुडाशी. अन् दोरीनं कसून बांधा," नावाडी सुकलाल म्हणाला.

"सुकलाल, तू किती शिकला?" (उत्तर मला ठाऊक होतं.)

"शाळेत गेलोच नाही, मास्तर."

"मंग गप बस! बुडाशी पाणी साचते. बॅटरी इंजिनजवळच पाहिजे."

इंजिन मागे, म्हणून बॅटऱ्या मागे. शेजारी भाऊजी बसले (भाऊजी म्हणजे तिसरी, चौथी आणि पाचवी बॅटरी!) आणि बोटीचं नाक आभाळाकडे गेलं. मागून पाणी थेट भाऊजींच्या धोतरात!

"काहून रे मनोहर, हेच का तुयं विज्ञान?"

"भाऊजी, तुमचं वजन मी धरलंच नोतं."

मग बॅटऱ्या पुढच्या टोकाला नेल्या आणि घरातल्या दिव्याची वायर मागच्या इंजिनापर्यंत ओढली. बटण दाबलं. इंजिन 'कुर्र' करून गप्प! इतक्या लांब, बारीक वायरीतून पुरेशी वीज जात नाही, हे मी दरवर्षी नववीला शिकवत होतो. (शिकवत होतो. शिकलो कुठं होतो!)

"मधात..." सुकलाल पुन्हा म्हणाला.

शेवटी मधेच ठेवल्या. पण सुकलालचं ऐकलं असं दिसू नये, म्हणून बुडाशी न ठेवता डाव्या बाजूच्या फळीवर, आणि न बांधता!

साक्षगंधाच्या दिवशी इंजिन फटफट सुरू झालं. बोट मात्र डावीकडे कलली.

"ताई, तू उजवीकडे बस," मी म्हणालो. "दोन बॅटऱ्याले तू एकटी पुरतेस."

मिठाईचं ताट हातात घेऊन ताई ताडकन उभी राहिली. "का म्हणलास? मी बॅटरी?"

बोट गदगदली. दोन्ही बॅटऱ्या आडव्या होऊन खाली घसरल्या, फळीवर ॲसिड सांडलं, आणि तोल जाऊन मी धपकन त्याच फळीवर बसलो! इंजिन बंद. मागून आपल्या लाकडी नावेतून येणाऱ्या सुकलालनं दोर टाकला आणि नावेमागे आमची मोटारबोट ओढत नेली.

काठावर व्याही उभेच होते. "वा! मोटार दोरीनं बांधून आणली का?"

इकडे बूड चुरचुरायला लागलं होतं. भाचीचं साक्षगंध मी वैनगंगेत, कमरेभर पाण्यात बसून साजरं केलं.

सोमवारी तीच सुती पॅन्ट धुऊन, इस्त्री करून वर्गात गेलो. गंधकाम्लाचे गुणधर्म शिकवायचे होते. 'यह सूती कपड़े को गला देता है' असं फळ्यावर उंच हात करून लिहिलं, आणि मागे टर्रकन आवाज झाला.

"सर, दिख गया!" अख्खा वर्ग ओरडला.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत यशस्वी झालेला माझा तो एकमेव प्रयोग!